भाजलेले मूल: पहिली वीस मिनिटे आणि पुढचे वर्ष



थंडी पडली की आमच्या मुलांच्या वॉर्डात भाजलेली लेकरे येऊ लागतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर चूल जमिनीलगत, शेकोटी घरातच, आणि रांगते मूल त्यांच्या आसपास. लहान मुले जाळापेक्षा सांडलेल्या गरम पाण्याने आणि आमटीनेच जास्त पोळतात.

मुलाची कातडी पातळ असते, म्हणून त्याच पाण्याने त्याची जखम आपल्यापेक्षा खोल जाते. मुलाचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे 1 टक्का. असे दहा तळवे मावतील एवढे भाजले असेल, तर सलाईन लागतेच, कारण जखमेतून शरीरातले पाणी झिरपत राहते.

पहिला उपचार मात्र घरीच होतो. भाजलेल्या जागी 20 मिनिटे साधे थंड पाणी ओतायचे. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको. हळद, शेण, टूथपेस्ट तर नकोच. कडे, करगोटा सूज येण्याआधी काढावा.

एका आजीने मला विचारले, "सिस्टर, हंडा टेकडी चढून येतो. वीस मिनिटे काय ओतू?" प्रश्न रास्त होता. अशा घरांना आम्ही स्वच्छ ओले फडके सांगतो, ते पुन्हापुन्हा भिजवून बदलायचे. बाकीचे अंग कोरड्या गोधडीत गुंडाळायचे, नाहीतर मूल गारठते.

माझा जीव खरा अडकतो तो जखम भरू लागल्यावर. भरणारी कातडी आकसते. मूल दुखतो म्हणून हात मुडपून धरते, आईही मायेने तसाच राहू देते, आणि सांधा तिथेच आखडतो. म्हणून रात्री स्प्लिंट आणि दिवसातून अनेकदा ताण देण्याचा व्यायाम, तोही कित्येक महिने. वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

तळहात पोळलेली तीन वर्षांची एक मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली. होळीला परतली तेव्हा चारही बोटे तळव्यात मिटलेली होती. शस्त्रक्रियेत मांडीची कातडी लावावी लागली. आता बोटे उघडतात, पूर्ण नाहीत. शिवाय मूल वाढते तसा वण वाढत नाही, त्यामुळे तिला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते.

आपल्या देणगीतून स्प्लिंट आणि एसटीचे भाडे निघते. यंदा टोळ्या निघण्याआधी आम्ही प्रत्येक आईकडून व्यायाम आमच्यासमोर करून घेत आहोत. एक जादा स्प्लिंटही बरोबर देतो, कारण उसाच्या फडात पहिला हरवतोच.