खानदेशातील माजी सैनिक आणि निवाऱ्याचा प्रश्न : एक मागोवा

शिपाईगिरी आणि हक्काची जमीन यांची सांगड खानदेशात जुनी आहे. 1825मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, त्याच सुमारास भिल्लांना जमीन व तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी उचल, देऊन स्थायिक करण्याचे धोरण कंपनी सरकारने अंगीकारले. त्यामागचा हेतू बंदोबस्ताचा असला, तरी जमिनीवाचून माणूस स्थिरावत नाही, हे त्यात ओळखलेले होते.

1919मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डातून आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आकाराला आले आणि 1949पासून 7 डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळला जाऊ लागला. जळगाव व धुळे येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये या व्यवस्थेची शेवटची आणि माजी सैनिकाला सर्वांत जवळची कडी होत. सरकारी जमिनींच्या वाटपासंबंधीच्या 1971च्या राज्य नियमांत माजी सैनिकांचा विचार झाला, परंतु घराची स्पष्ट तरतूद उशिराच आली : 1995–96पासून इंदिरा आवास योजनेचा लाभ युद्धात कामी आलेल्यांच्या विधवांना आणि इतर अटींत बसणाऱ्या माजी सैनिकांना खुला झाला. 2016मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली, तेव्हा लाभार्थी 2011च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणावरून ठरू लागले. त्यात निवारा नसलेल्या कुटुंबाला अग्रक्रम होता, पण सैनिकी सेवा हा वंचिततेचा निकष नव्हता. शिवाय त्या वेळी पोटासाठी सुरतेला किंवा पुण्याला गेलेला माणूस गावच्या यादीत सापडणे अवघडच होते.

खरी अडचण निवृत्तिवेतन नसलेल्यांची आहे. शिपायाला सेवा-निवृत्तिवेतनासाठी साधारणतः 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्याला 2015मध्ये जाहीर झालेल्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या निर्णयाचा काहीच उपयोग नव्हता. 2020मध्ये राज्याने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेतून माजी सैनिकांना मालमत्ताकर माफ केला, हे स्वागतार्हच. मात्र ज्याच्या नावावर घरच नाही, त्याच्यापर्यंत ही माफी पोहोचत नाही. त्या मानाने 2025मध्ये केंद्राने पेन्युरी ग्रँट, म्हणजे निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्ध व गरजू माजी सैनिकांचे निर्वाह अनुदान, दरमहा 4,000वरून 8,000 रुपये केले, हा निर्णय अधिक नेमका ठरतो.

आता दोन्ही जिल्हा कार्यालयांनी आपल्या नोंदी ग्रामपंचायतींच्या घरकुल याद्यांशी ताडून निवृत्तिवेतन व घर दोन्ही नसलेल्यांची स्वतंत्र यादी करावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना गावठाणात जागा द्यावी.