सिंधुसागरापलीकडचा नंदादीप

माघ वद्य चतुर्दशीची ही पुण्यरात्र. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, वेळणेश्वरापासून कुणकेश्वरापर्यंत, शिवालयांतून आज रुद्राचा घोष चालला असेल. राजापूरच्या धूतपापेश्वरी आणि संगमेश्वरच्या कर्णेश्वरी बिल्वदलांच्या राशी पडल्या असतील. चार प्रहरांच्या चार पूजा होतील आणि गाभाऱ्यातील नंदादीपाला रात्रभर तेलाची धार मिळत राहील.

ह्याच सिंधुसागराच्या उत्तर किनाऱ्यावर कराची नगर आहे. तेथील क्लिफ्टन भागात जमिनीखालच्या गुहेत श्रीरत्नेश्वर महादेवाचे प्राचीन स्थान असून महाशिवरात्रीस सिंध प्रांतातील हजारो हिंदू भाविक तेथे आजही जमतात. त्या नगरातील आणखी एका देवघराची कथा आज सांगावीशी वाटते. ते देवघर आपले नव्हे. ते ख्रिस्ती बांधवांचे आहे. शिवरात्रीच्या दिवशी ख्रिस्तमंदिराची कथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर भस्मात आहे. कित्येक वर्षी शिवरात्रीच्या आगेमागेच ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या पहिल्या दिवसाला राखेचा बुधवार म्हणतात. त्या दिवशी धर्मगुरू भाविकांच्या कपाळी राखेची खूण करतात आणि हा देह मातीचा आहे याचे स्मरण देतात. भस्मधारी शंकराच्या उपासकाला ही भाषा परकी वाटू नये. आपल्याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तर ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली आहे.

नित्य आणि नैमित्तिक

कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही सिद्धांत मांडतो, तोच क्रम येथे धरतो. आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले. उत्सव, यात्रा, व्रताचे उद्यापन ही नैमित्तिक कर्मे होत. संध्या, देवपूजा, दिवाबत्ती ही नित्य कर्मे होत. नित्य कर्म केल्याने विशेष पुण्य लाभते असे शास्त्र फारसे म्हणत नाही. ते चुकविल्यास मात्र दोष सांगते. उत्सवाला गर्दी असते, वाद्ये असतात, म्हणून तो पार पडतो. नित्य कर्माला साक्षी कोणी नसतो. त्यातून नगरात दंगल पेटलेली असेल, रस्ते ओस पडले असतील आणि आपण अल्पसंख्य असू, तर त्या वेळी दिवा लावावयास जाणाऱ्याची खरी परीक्षा होते. ह्या सिद्धांतावरचे आख्यान मला कराचीत सापडले.

मुंबई-कराचीचे दोन सुपुत्र

कराचीचा आणि आपला घरोबा जुना आहे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही ज्यांचे नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य महाराष्ट्रीयच होते. गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे एकोणिसाव्या शतकात नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे जाऊन स्थिरावली. सदर भागातील सेंट पॅट्रिक हे त्यांचे मुख्य मंदिर. १८४५ साली तेथे लहानसे चर्च होते. आजची भव्य वास्तू १८८१ साली उभी राहिली. १९४८ पर्यंत ह्या चर्चचा कारभार मुंबईच्या आर्चबिशपांच्या कक्षेत होता.

येथे दैवाची एक विलक्षण योजना दिसते. मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झालेले व्हॅलेरियन ग्रेशस हे १९०० साली कराचीत जन्मले. कराचीचे आर्चबिशप आणि १९७३ मध्ये पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झालेले जोसेफ कोर्डेरो हे १९१८ साली मुंबईत जन्मले. दोघेही गोमंतकीय कुळांतले. एकाची जन्मभूमी दुसऱ्याची कर्मभूमी झाली आणि मध्ये १९४७ ची रेषा ओढली गेली.

कोर्डेरो १९५८ साली आर्चबिशप झाले. इस्लामी राष्ट्रातील मूठभर ख्रिस्ती समाजाचे ते वडीलधारे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारतीय आरमाराने कराची बंदरावर अग्निबाण डागले. त्या नगरातील ख्रिस्ती समाजाचा मुख्य धर्मगुरू मुंबईचा जन्मलेला होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवसांत त्याच्या स्थानाला किती काटे असतील याची कल्पना येते. लगेच १९७२ मध्ये पाकिस्तान सरकारने अनेक खाजगी शिक्षणसंस्था ताब्यात घेतल्या. त्यांत ख्रिस्ती मिशनांची महाविद्यालयेही गेली. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली विद्यादानाची परंपरा एका आदेशाने हातची गेली. कोर्डेरोंनी आपले स्थान सोडले नाही.

१६ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल कराचीस आले. नॅशनल स्टेडियमवर मिस्सा, म्हणजे त्यांची महापूजा, व्हावयाची होती. पोप येण्याच्या थोडेच आधी तेथे बाँबचा स्फोट झाला आणि तो बाळगणाराच ठार झाला. पूजा मात्र ठरल्याप्रमाणे पार पडली. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी कोर्डेरो कराचीतच निवर्तले. मुंबईत जन्मलेला तो देह त्याच नगरीच्या मातीत विसावला.

पुढचा रविवार

त्यानंतरचा काळ अधिकच कठीण ठरला. १९८६ मध्ये त्या देशातील ईशनिंदेच्या कायद्यात मृत्युदंडाची तरतूद आली. ज्या समाजाची संख्या देशात दीड टक्क्याहूनही कमी, त्याच्यातील एखाद्याविरुद्ध शेजाऱ्याने वैरातून केलेली एक तक्रार सबंध वस्तीच्या मुळावर येऊ लागली. ऑगस्ट २००९ मध्ये पंजाबातील गोजरा गावी धर्मग्रंथाच्या विटंबनेची आवई उठली, जमावाने ख्रिस्ती वस्ती पेटविली आणि माणसे घरांतच जळाली. त्या वेळी तो भाग फैसलाबादचे बिशप जोसेफ कूट्स यांच्या देखरेखीखाली होता. हेही गोमंतकीय वंशाचे, १९४५ साली अमृतसरला जन्मलेले. मुसलमान धर्मपंडितांशी संवाद राखणे हे त्यांनी आपले व्रत मानले. पुढे ते कराचीचे आर्चबिशप आणि २०१८ मध्ये कार्डिनल झाले.

पेशावरचे ऑल सेंट्स चर्च १८८३ चे. त्याचा घुमट आणि मिनार पाहून परक्याला ती मशीदच वाटावी. स्थानिक वास्तुरीतीचा मान राखूनच ते बांधलेले आहे. २२ सप्टेंबर २०१३ च्या रविवारी प्रार्थना आटोपून लोक आवारात जमले असता दोन आत्मघातकी स्फोट झाले आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. पुढच्या रविवारी त्याच चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना झाली. त्याच दिवशी तेथून जवळच किस्साख्वानी बाजारात आणखी एक भीषण स्फोट झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये जरांवाला येथे वीसहून अधिक चर्चवर जमाव चालून गेला, कित्येकांना आग लावली. तेथेही पुढचा रविवार चुकला नाही. जळलेल्या चर्चजवळ, उघड्यावर उभे राहून लोकांनी प्रार्थना केली.

वाचकहो, ह्या ‘पुढच्या रविवारी’च माझे चित्त अडकते. स्फोटाची वार्ता जगभर जाते. पुढच्या रविवारी काळवंडलेली भिंत धुऊन, मेलेल्यांची नावे घेऊन, थरथरत्या आवाजात तीच नेहमीची प्रार्थना म्हणणारा धर्मगुरू कोणास दिसत नाही. पण नित्य कर्म याहून निराळे काय असते?

ह्या कथेत केवळ अंधार नाही. पेशावरच्या आघातानंतर कराचीतील सेंट पॅट्रिकच्या बाहेर नागरिकांनी हातांत हात गुंफून मानवी साखळी उभी केली. त्यात मुसलमान स्त्री-पुरुष होते. आत उपासना करणाऱ्यांना त्यांनी अभय दिले. त्याच मंदिरात ऑगस्ट २०१७ मध्ये डॉ. रूथ फाउ यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने झाला. ही जर्मन डॉक्टर भगिनी १९६० साली खरे तर भारतात यावयास निघाली होती. व्हिसाच्या अडचणीने कराचीत थांबली, तेथील कुष्ठरोग्यांची वस्ती तिने पाहिली आणि ती कायमची तेथलीच झाली. आनंदवनाचा महिमा जाणणाऱ्या महाराष्ट्राला त्या कार्याची थोरवी निराळी सांगावयास नको. १९९६ मध्ये त्या देशात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचे मानले गेले. तिच्या शवपेटिकेवर पाकिस्तानचा ध्वज होता आणि ती सैनिकांनी खांद्यावर घेतली होती.

माझा दोष

इतके लिहिल्यावर स्वतःकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईच्या एका उपनगरातील शिवालयात माझी पाच दिवसांची कीर्तने ठरली होती. दोन झाली आणि नगर पेटले. तिसऱ्या दिवशी मी वीणा गवसणीत घातली. देवळाचे वृद्ध गुरव समईची वात सारीत होते. ते म्हणाले, “बुवा, तुम्ही खुशाल जा. घरी लेकरं वाट पाहत असतील. मला मात्र तेल घालायला हवं.” मी रत्नागिरीची एस. टी. धरली. व्यासपीठावरून निर्भयतेची आख्याने लावणारा मी. तेलाची बाटली घेऊन मागे राहिले ते गुरव, ज्यांना कोणी कधी हार घातला नव्हता.

पुढल्या वर्षी त्यांनीच पुन्हा बोलाविले. गेल्या वर्षीचा विषय काढला नाही, ठपकाही ठेवला नाही. “आख्यान जिथे सोडलं होतंत तिथूनच धरा,” एवढेच म्हणाले. त्या वाक्याचे ओझे मी तीस वर्षांहून अधिक काळ वाहत आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना आहे. तीत पहिला गुण अभय सांगितला आहे. अभय म्हणजे बेफिकिरी अथवा शौर्याचा आव असे आम्ही पुष्कळदा समजतो. ते गुरव, पेशावरचे ते उपासक आणि कराचीचे ते धर्मगुरू यांच्यापैकी कोणालाही भीती वाटली नसेल असे मला वाटत नाही. भीती वाटत असताना त्यांनी वातीकडे पाहिले, इतकेच.

परधर्मीयांच्या देशातील ही उदाहरणे वाचून त्या देशाला नावे ठेवणे सोपे आहे. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील घटनेनंतर पाकिस्तानात अनेक हिंदू देवळांवर हल्ले झाले. एका ठिकाणी पेटलेल्या आगीची झळ दुसरीकडच्या निरपराध अल्पसंख्यांना लागते, हा धडा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. आपल्या आळीतही कोणाचे तरी प्रार्थनास्थळ एकाकी असेल. अस्वस्थ दिवस आले तर त्याच्या दाराशी साखळी धरावयास आपण जाऊ काय, हा प्रश्न शिवरात्रीच्या जागरणात स्वतःस विचारण्याजोगा आहे.

आज चौथ्या प्रहरी, डोळे जड झाले असता, समईत तेल घालावयास उठाल तेव्हा क्षणभर उत्तरेकडच्या त्या किनाऱ्याचे स्मरण करावे. तेथे रत्नेश्वरापुढे एक वात तेवत असेल. सदरच्या त्या जुन्या मंदिरातही वेदीजवळचा दिवा जळत असेल. दोन्ही दिवे राखणारी माणसे संख्येने थोडी आहेत, आणि दोन्ही दिवे त्यांनी उद्याही लावावयाचे आहेत. सर्वांचे रक्षण करणाऱ्या त्या नीलकंठाने त्यांच्याही वातीला आडोसा द्यावा, हीच आजच्या पुण्यरात्री प्रार्थना.