पितळी पुंगळी, जुने यंत्र आणि आपली मुले

आपल्या भागातल्या श्वाबिश गावांत चर्च, बेकरी आणि फुटबॉलचे मैदान यांच्याइतकीच ठरलेली आणखी एक जागा असते: शुट्झेनफेराइन, म्हणजे नेमबाजांचे मंडळ. बहुधा गावाबाहेर, रानाच्या कडेला. आपली मुले शाळेत जर्मन मित्रांकडून या मंडळाबद्दल ऐकतात आणि घरी येऊन विचारतात, “मी जाऊ का?” आई-बाबा एकमेकांकडे पाहतात. बंदूक हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरात सिनेमा आणि बातम्यांखेरीज कधी आलेला नसतो.

यंदा मंडळातल्या दोन-तीन पालकांनी मला हाच प्रश्न विचारला. कारण इतकेच, की मी अशा एका मंडळाचा सभासद आहे आणि गेल्या हिवाळ्यात तिथल्या तळघरातले एक जुने यंत्र दुरुस्त करून चालू केले. ते यंत्र वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याचे आहे. त्याच्या निमित्ताने या विषयातले रसायन, इतिहास आणि कायदा एकत्र सांगावा, म्हणजे पालकांना निर्णय घेताना काही उपयोग होईल, असे वाटले.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. आपल्या इतिहासात गाजलेले १८५७ चे काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे असे. आजचे काडतूस चार वस्तूंचे असते: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला छोटा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. गोळी सुटली, दारू जळली, प्राइमर फुटला, तरी पुंगळी शिल्लक राहते. चारांपैकी सर्वांत महाग वस्तू बहुधा हीच. ती नीट असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येते. नेमबाजीचा सराव म्हणजे शेकडो गोळ्या, तेव्हा काटकसरी श्वाबिश माणूस ती फेकून देईल हे संभवतच नाही.

मोदकांची रांग

पुंगळी भरण्याच्या साध्या यंत्रात एका वेळी एकच काम होते. आधी सगळ्या पुंगळ्या मापात दाबून घ्यायच्या, मग सगळ्यांत प्राइमर बसवायचे, मग दारू, मग गोळी. एकटी बाई मोदक करते तसे: आधी सगळ्या पाऱ्या, मग सगळ्यांत सारण, मग सगळ्यांच्या कळ्या. ‘प्रोग्रेसिव्ह’ यंत्र म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री पाचजणींनी ओळीने बसणे. एकीने पारी करायची, दुसरीने सारण भरायचे, तिसरीने कळ्या पाडायच्या. ताट पुढे सरकत राहते. यंत्राच्या तळाशी गोल फिरणारी तबकडी असते, तिच्या खाचांत पुंगळ्या उभ्या राहतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीवर वेगवेगळे काम एकाच वेळी होते आणि शेवटच्या जागेवरून तयार काडतूस बाहेर पडते.

आमचे यंत्र अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या स्टार कंपनीचे आहे. ही कंपनी १९३० च्या दशकापासून अशी यंत्रे बनवत असे आणि पोलीस खाती व नेमबाजी क्लब ती घेत असत. स्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात अमेरिकन सैन्याचा तळ आहे, त्यामुळे इंचांच्या मापातले असे यंत्र इकडच्या तळघरात निघावे यात नवल नाही. नव्या यंत्रांत तबकडी वर चढते. स्टारमध्ये तबकडी जागेवर राहते आणि वरचा जड ठोकळा खाली उतरतो. त्याचे डायही त्याच्याच मापाचे, दुसऱ्या यंत्रांचे चालत नाहीत. म्हणून जुने स्टार घेताना डाय सोबत आहेत की नाहीत हे आधी पाहावे.

गंज, चिंच आणि घोड्यांचा तबेला

दुरुस्तीत हुशारीपेक्षा सबुरी जास्त लागते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग एकेक भाग सोडवून रिकाम्या दह्याच्या डब्यांत नावे लिहून ठेवला. पाने इंचांचे लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि बोल्टचे डोके खातो. जुने ग्रीस वाळून वार्निशसारखे झाले होते, ते रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्यावर ब्रशने निघाले. वरवरचा गंज तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने काढला. एकमेकांवर घासत चालणाऱ्या गुळगुळीत भागांना मी आम्ल लावले नाही. आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते आणि मग मापात ढिलाई येते. पट्ट्या, कंस असे बिनमहत्त्वाचे भाग तेवढे सौम्य सायट्रिक आम्लात बुडवले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतले, लगेच वाळवून तेल लावले. स्प्रिंगा सगळ्या नव्या घातल्या. जुन्या स्प्रिंगेवर भरवसा ठेवण्याइतकी ती महाग नसते.

पुंगळ्यांची सफाई मात्र आपल्या आजीला विचारावी. पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. काळवंडलेल्या पितळी पातेल्याला चिंच लावतात ती तिच्यातल्या आम्लासाठी. इथले नेमबाज त्याच कामाला सायट्रिक आम्ल वापरतात. पण अमोनिया असलेले पॉलिश पुंगळीला कधीही लावू नये. याचा धडा हिंदुस्थानातच मिळाला आहे. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवत. पाऊस संपेपर्यंत पुंगळ्यांना आपोआप तडे जात. मोसमात होणारा आजार म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडले: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी ओल आणि थंड असताना ओढून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण. योग्य उष्णता देऊन ताण घालवला की तडे थांबतात. आज धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण जगभर शिकवतात.

मेट्झिंगेनचा सुपुत्र

भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना मेट्झिंगेनला स्वस्त कपड्यांच्या दुकानांत नेतो. त्याच मेट्झिंगेनमध्ये १७९९ साली ख्रिस्टियान फ्रीडरिश शॉनबाइन जन्मला. पुढे तो बाझेलला प्राध्यापक झाला. ओझोन वायू त्याने ओळखला आणि १८४६ च्या सुमारास कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. बायकोच्या सुती एप्रनने सांडलेले आम्ल पुसले, तो शेगडीजवळ वाळत घातला आणि एका झटक्यात नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, रसायन खरे आहे. आजच्या बिनधुराच्या दारूचे मूळ हेच.

तो कापूस फार झपाट्याने जळे, बंदुकीच्या नळ्या फुटत. त्याला आवर घालून उपयोगी दारू करण्याचे काम १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने आणि आपल्या नेकार नदीकाठी रोटवाइल येथे माक्स डुटेनहोफर याने केले. हाच डुटेनहोफर आणि कार्ल्सरूहेचा काडतूस-कारखानदार विल्हेल्म लोरेन्झ यांच्या भांडवलावर १८९० साली डाइमलर मोटार कंपनी उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पगार ज्या उद्योगातून येतो त्याच्या पायात दारू आणि काडतुसाचा पैसा आहे. रोटवाइलच्या दारूच्या कारखान्याचे वीजघर तर स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनचा वास्तुकार पाउल बोनाट्स यानेच बांधले. पुण्याच्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला.

वेग आणि लक्ष

आता मुद्द्याचे. या यंत्राचा गुण आणि धोका एकच आहे: वेग. साध्या यंत्रावर प्रत्येक पुंगळी अनेकदा हातातून जाते. इथे ती तबकडीवर उभी असते आणि आपण दांडा ओढत राहतो. दारू पडलीच नाही तर प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडू शकते. दारू दोनदा पडली तर दाब कितीतरी वाढतो.

दुहेरी दारू नजरेतून सुटते याला ऐतिहासिक कारण आहे. ‘.३८ स्पेशल’ हे जुने रिव्हॉल्व्हरचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी आखले गेले. काळी दारू जागा फार घेते. बिनधुराची दारू त्या मानाने चिमूटभर पुरते, पण पुंगळी तेवढीच मोठी राहिली. म्हणून दोनदा पडलेली दारूही आत मावते आणि ओसंडत नाही. जुन्या यंत्रात सावध करणारी घंटा नाही. घंटा म्हणजे आपले डोळे. प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावल्याशिवाय तिच्यावर गोळी ठेवायची नाही. कोणी बोलायला आले तर हात थांबवायचा. मध्येच अडखळले तर तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवायच्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण नळीत एकावर एक रचलेले प्राइमर एकाच वेळी फुटू शकतात. त्यासाठीच त्या नळीभोवती जाड पोलादी आवरण असते. आम्ही हे यंत्र आठवडाभर दारू आणि प्राइमर न घालता नुसतेच चालवले, मगच खरे काम सुरू केले.

आणखी एक गोष्ट केमिस्ट म्हणून सांगतो. बहुतेक प्राइमरमध्ये आजही शिशाचे संयुग असते. पुंगळ्या कोरड्या घासताना उडणारी धूळ शिशाची असते आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक. म्हणून पुंगळ्या ओल्याच धुवाव्यात, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कपडे बदलावेत, मगच मुलाला उचलून घ्यावे.

कायदा काय म्हणतो

जर्मनीत यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो. दारू मात्र नाही. त्यासाठी स्फोटक कायद्याच्या कलम २७ खाली परवाना लागतो: वय किमान २१, पूर्वचारित्र्याची तपासणी, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परीक्षा, आणि दारूची गरज का आहे याचा पुरावा. परवाना पाच वर्षांचा असतो. भरलेली काडतुसे स्वतःच्या सरावासाठी. त्यांचा धंदा करता येत नाही.

जुने घर विकत घेणाऱ्यांनी आणि फ्लोमार्क्टच्या शौकिनांनी हे लक्षात ठेवावे. तळघरात दारूचा डबा, प्राइमर किंवा जिवंत काडतूस सापडले तर ते उचलून गाडीत टाकू नका, श्पेर्म्युलमध्येही नको. ऑर्डनुंग्सआम्ट किंवा पोलिसांना कळवा. फार जुनी दारू आतल्या आत विघटित होत असते. आंबट वास किंवा तांबूस वाफ आली तर डब्याला हातही लावू नका. आणि मुलांनी हौसेने जमवलेली काडतुसे मुंबईच्या विमानाच्या बॅगेत जाणार नाहीत हे पाहा. भारतातल्या विमानतळावर सामानात जिवंत काडतूस सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

मग मुलांना पाठवावे का?

हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण विनेनडेन इथून फार दूर नाही. ११ मार्च २००९ रोजी तिथल्या शाळेतून सुरू झालेल्या गोळीबारात १५ जणांचा जीव गेला. मारणारा १७ वर्षांचा मुलगा शेवटी स्वतःही मेला. पिस्तूल त्याच्या वडिलांचे होते. ते नेमबाजी मंडळाचे सभासद होते आणि पिस्तूल कुलपात नव्हते. त्यांना न्यायालयात शिक्षा झाली. त्याच वर्षी कायदा कडक झाला आणि अधिकारी काही संशय नसतानाही घरी येऊन कपाट तपासू शकतात. नेमबाजांपैकी काहींना याचा राग येतो. मला येत नाही. ज्या आई-वडिलांची मुले त्या दिवशी परतली नाहीत, त्यांच्यापुढे माझ्या गैरसोयीची गोष्ट काढण्याचे मला धैर्य नाही.

दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये इथेच म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. अंजली भागवत २००२ मध्ये म्युनिकलाच एअर रायफलमध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरली. या खेळात ताकद नाही, श्वास आणि मन स्थिर ठेवणे आहे. १२ वर्षांचे मूल पालकांच्या लेखी संमतीने आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हवेच्या बंदुकीने सुरुवात करू शकते, १४ नंतर छोट्या .२२ रायफलने. हवेच्या बंदुकीला काडतूस नसतेच. .२२ चा फुटणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ती पुन्हा भरत नाहीत. म्हणजे मुलांचा आणि या यंत्राचा संबंध येत नाही, येऊही नये.

माझे मत विचाराल तर मुलाला आवड असेल तर जरूर पाठवा, पण पहिले काही महिने स्वतः मागे खुर्ची टाकून बसा. प्रशिक्षक मुलाला आधी बंदूक देतो की आधी नियम शिकवतो ते पाहा. किल्ल्या कोणाकडे असतात ते विचारा. ज्या मंडळाला हे प्रश्न आवडत नाहीत तिथून मुलाला घेऊन घरी या. आणि घरात हत्यार ठेवायचे ठरलेच, तर आधी पोलादी कपाट घ्या, हत्यार नंतर.

कोणाला यंत्र पाहायचे असेल तर मोठ्यांनी जरूर यावे. दारू आणि प्राइमर बाजूला ठेवून दांडा ओढून दाखवीन.