टाळेबंदीतील दूध आणि उष्णतेचे गणित

कोरोनाच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. हॉटेले व चहाच्या टपऱ्या बंद पडल्या, लग्ने लांबणीवर गेली. लोक घरीच जेवू लागले. पण बाहेर चहा, पेढे, आइसक्रीम यांवाटे खपणारे सारे दूध घरात खपेना. गोकुळ, वारणा यांसारख्या सहकारी दूध संघांच्या कोल्हापूर जिल्ह्यात जनावरे मात्र रोज दोन वेळा दूध देतच होती. म्हैस म्हणजे काही पाण्याचा नळ नव्हे! धार काढणे थांबवले, की जनावर आटते.

मग दूध साठवून का ठेवू नये? कोमट दुधातील जीवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरा. पाच तासांत ते 1024 पट होतील! 4 अंश सेल्सियस तापमानाला ही वाढ फार मंदावते, पण थांबत नाही.

म्हणून राज्य सरकारने रोज 10 लाख लिटर जादा दूध लिटरला 25 रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. भुकटी करणे म्हणजे दुधातील पाणी काढून टाकणे. साय काढलेल्या 1 किलो दुधात सुमारे 900 ग्रॅम पाणी असते. त्याची वाफ करण्यास सुमारे 2000 किलोज्यूल उष्णता लागते. तेच दूध 25 अंशांपासून उकळीपर्यंत तापवण्यास सुमारे 300 किलोज्यूल पुरतात. सहा-सातपट फरक! हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. कारखान्यात कमी दाबाखाली दूध कमी तापमानाला उकळवतात आणि एका पात्रातील वाफेने पुढचे पात्र तापवतात. त्यामुळे इंधन वाचते. शेवटी आटलेले दूध गरम हवेत फवारून वाळवतात.

याउलट, कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोरच काढतात व गिऱ्हाईक तेथेच दूध पितो. वाहतूक नाही, शीतकरण नाही. मात्र माणसे जमू शकली नाहीत, तर हीच व्यवस्था आधी अडते. भुकटी इंधन खाते, पण संकटात दूध वाया जाऊ देत नाही. टिकाऊ अन्नव्यवस्थेला जवळची वाट हवी, तशीच अडचणीच्या दिवसांसाठी साठवणही हवी.

आता तुमच्या घरी रोज येणाऱ्या दुधाची भुकटी करण्यास किती उष्णता लागेल, ते वहीत मांडून पाहा.