हा तर आपला चिमणराव!

घणसोली गावात एका स्नेह्यांकडे गेलो, तेव्हा घरातली पोरे 'झपाटलेला' (१९९३) पाहत बसली होती. बाहुल्यात शिरण्यापूर्वीचा तात्या विंचू पडद्यावर आला मात्र, धाकटी आजीच्या पदराआड! आजी हसून म्हणाली, "अगं, भितेस काय? हा तर आपला चिमणराव!" पोरीला ते मुळीच पटेना.

पटावे तरी कसे? दिलीप प्रभावळकरांची गंमत हीच. १९४४ सालचा यांचा जन्म. चिं. वि. जोशींचा भिडस्त चिमणराव त्यांनी मुंबई दूरदर्शनवर असा रंगवला, की बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसह तो घरोघरचा होऊन बसला. एखादा नट तेवढ्यावर जन्मभर जेवला असता. जेवणारे थोडे नाहीत! यांनी मात्र तो मुखवटा उतरवून ठेवला. 'चौकट राजा'तला (१९९१) नंदू देहाने मोठा, बुद्धीने बाळ. अभिनयाचा तोल जरा सुटता, तर प्रेक्षक त्या बिचाऱ्याला हसले असते. थिएटरात रुमाल निघाले ते काही उगाच नव्हेत. रंगभूमीवर 'हसवाफसवी'त तर एकट्याच्या सहा भूमिका!

पुढे २००१ मध्ये स्वतःच्याच 'अनुदिनी'वरून आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत ते आबा झाले, आणि २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त चक्क गांधीजी. हा चित्रपट व 'शेवरी' यांसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

आजीने मग मोबाइलवर तेही छायाचित्र काढून दाखवले. धाकटीने ते निरखून पाहिले आणि आजीलाच दटावले, "काहीतरीच तुझं! हे तर बापू आहेत."