होडीची तहान

आपल्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचा नळ गेली तीन सेमिस्टर्स गळतोय. कुणी त्याखाली बादली ठेवतं, कुणी त्याला चिंधी बांधतं. पण तो तासाला किती गळतो, हे कुणी मोजलंय का? मीसुद्धा नव्हतं मोजलं. ही अक्कल मला एका जुन्या होडीने शिकवली.

माझं आजोळ अंधेरी पश्चिमेला, वेसावे कोळीवाड्यात. नकाशावर ज्याला वर्सोवा म्हणतात तेच. मेसच्या वांग्याचा कंटाळा आला की रविवारी मी तिकडे पळते. तिथे आजोबांची सागवानी, शिडाची होडी आहे. मामाची इंजिनाची बोट आली आणि ही होडी चार वर्षं किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून राहिली. आजोबा आता ऐंशीचे. नाताळच्या सुट्टीत मी गेले तर म्हणाले, "यंदा एरंगळच्या जत्रेला माज्या होरीतनंच जायाचं."

ही जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या किनाऱ्यावर, सेंट बोनाव्हेंचर चर्चपाशी भरते. वेसाव्याच्या खाडीतून बाहेर पडायचं, मढच्या टोकाला वळसा घालायचा की आलंच एरंगळ. प्रवास छोटा. पण होडी जुनी, आणि हातात जेमतेम तीन आठवडे.

ताडपत्री काढली तर फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता! मी लगेच इंजिनिअरगिरी सुरू केली. म्हटलं, "मामा, इपॉक्सी आणू, सगळ्या फटी भरून टाकू." मामा हसला. "आणि होडी फुगली की तुझी इपॉक्सी कुठे जाईल?"

मामाचं म्हणणं असं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. 15 सेंटिमीटरच्या फळीत एक टक्का वाढ धरली तरी दीड मिलिमीटर होतात. एका बाजूला अशा सात फळ्या असतील तर एक सेंटिमीटरच्या वर! फटीत दगडासारखं कडक काही भरलं, तर फुगणारी फळी एक तर ते बाहेर फेकते, नाही तर स्वतःच्या खिळ्यांवर ताण आणते. म्हणून जुनी पद्धत मऊ असते. तेल आणि राळ यांच्या मिश्रणात कापूस भिजवायचा आणि सांध्यात बसवायचा, तोही हलक्या हाताने. कोरड्या होडीत ठोकून ठोकून भरला तर ओल्या होडीत तोच नडतो.

मग आम्ही होडीवर गोणपाटं टाकून आठवडाभर खारं पाणी मारलं. खारंच का? गोड्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी वाढते, खाऱ्यात तिचं फारसं चालत नाही. मग भरतीला होडी खाडीत ढकलली. पहिल्याच तासात दहा लिटरच्या अठरा बादल्या पाणी उपसलं. मला वाटलं, संपलं सगळं. आजोबा मात्र काठावर बसून शांतपणे म्हणाले, "होरीला तान लागलीय. पिऊंदे तिला."

त्यानंतर मी वही घेऊन बसले. ओहोटीला होडी चिखलात टेकते, म्हणून ती तरंगत असेल तेवढ्याच तासांत मोजायचं. दुसऱ्या भरतीला तासाला नऊ बादल्या, दुसऱ्या दिवशी पाच. इतक्या भराभर कसं काय कमी होतं? उत्तर आपल्याच फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सापडलं. दोन समांतर प्लेटांच्या अरुंद फटीतून संथ वाहणारं पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. म्हणजे फट निम्मी झाली की गळती निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. व्हायवाला पाठ केलेलं सूत्र खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर कळलं!

पण तिसऱ्या दिवशी चार बादल्या. चौथ्या दिवशी चार. पाचव्या दिवशीही चारच.

जत्रा तीन दिवसांवर आलेली. मी म्हटलं, "तासाला चार बादल्या म्हणजे काही विशेष नाही, जाताना उपसत राहू." मामा गप्प राहिला. आजोबांनी माझी वही मागून घेतली, तारखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तान असती तर कमी झाली असती. ही तान नाय, आजार हाय."

होडी पुन्हा वर काढली. चाकूचं टोक दाबत दाबत एकेक फळी तपासली. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही. वरामीजवळ, म्हणजे मागच्या बाजूला, दोन फळ्यांत मात्र ते लोण्यात जावं तसं गेलं. तिथले लोखंडी खिळे गंजून काडीएवढे उरले होते, आणि गंजत्या खिळ्याभोवतीचं लाकूडही मऊ पडलं होतं. फळी कितीही फुगली तरी अशी भोकं बुजत नाहीत. लाट आदळून तिथलीच फळी सुटली असती तर चार बादल्यांचा हिशेब तिथेच संपला असता. (2025 साली नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्या जुन्या पद्धतीने काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. खिळ्यांचं हे दुखणं पाहिल्यावर त्या पद्धतीचं मोल मला जास्त कळलं.)

फळ्या बदलायला सुतार दहा दिवस म्हणाला. जत्रेच्या रविवारी आजोबा मढच्या फेरीबोटीत बसून, मग रस्त्याने एरंगळला गेले. मी सोबत होते. ते काही बोलले नाहीत, पण परत येताना फेरीबोटीतून सगळा वेळ आपल्या होडीच्या दिशेने बघत होते. मला फार वाईट वाटलं.

त्या दहा दिवसांत बाकीची तयारी झाली. शिडाचं कापड उन्हाने विरतं, म्हणून शिवणी हाताने ताणून पाहिल्या. दोऱ्यांचा पीळ उलगडून आतले धागे तपासले, कारण बाहेरून दोरी नेहमीच चांगली दिसते. डोलकाठीचं बूड जिथे पाणी साचतं तिथे चाकू लावला. सुकाणूच्या बिजागऱ्या बदलल्या. लाइफ जॅकेटं माणशी एक, आजोबांची कुरकुर धरून!

फेब्रुवारीच्या एका रविवारी निघालो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, त्यावर बाहेर पडायचं. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, त्यावर परतायचं. शाळेच्या भूगोलात हे दोन मार्कांना असतं. परतताना भरतीचं पाणी खाडीत असेल अशी वेळही साधली. सुकाणू आजोबांच्या हातात होतं. एरंगळला चर्चसमोर नांगर टाकला तेव्हा मी होडीतलं पाणी मोजलं. अर्धी बादली. आजोबांनी वही मागितली, आकडा पाहिला आणि खिशातून पेन काढून त्याखाली रेघ मारली.

तात्पर्य एवढंच. जुनी वस्तू गळते म्हणून तिला लगेच टाकू नका, आणि थोडंच गळतंय म्हणून दुर्लक्षही करू नका. आज किती आणि काल किती, ते लिहून ठेवा. आकडा उतरत असेल तर धीर धरा. थांबला असेल तर होडी वर काढा, मग जत्रा चुकली तरी चालेल.

बाकी, दुसऱ्या मजल्यावरच्या नळाचे आकडे मी घ्यायला सुरुवात केली आहे. रेक्टर सरांनी नोंद घ्यावी.