लहान मुलांतील मल्टिपल स्क्लेरोसिसचें निदान

वाशीमहून पुसदला जातांना वाटेवर अनसिंग हें गांव लागतें. तेथील शाळेंत जाणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीची आपण क्षणभर कल्पना करूं. एके दिवशीं ती आईला सांगते कीं, उजव्या डोळ्यानें फळ्यावरील अक्षरें पुसट दिसतात, डोळा फिरविला कीं दुखतो, आणि वेणीची लाल फीत विटल्यासारखी वाटते. घरचीं माणसें चष्म्याचा नंबर तपासून आणतात. तीन-चार आठवड्यांत दृष्टि आपोआप सुधारते. सर्वांचा जीव भांड्यांत पडतो आणि ती गोष्ट विसरली जाते. पुढल्या वर्षीं तिच्या पायांना मुंग्या येऊं लागतात, चालतांना तोल जातो. तिला वाशीमला व तेथून अकोल्याला नेल्यावर डॉक्टर विचारतात, “पूर्वीं असें कांहीं झालें होतें काय?” वडील सांगतात, “नाहीं, डॉक्टरसाहेब, पोर अगदीं धडधाकट होती.” या एका ‘नाहीं’नें निदानाचा एक मोठा पुरावा हरवतो. तो कसा, हें आज सांगावयाचें आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या नांवाचा अर्थ अनेक जागीं आलेलें काठिण्य. पॅरिसच्या शार्को या वैद्यानें १८६८ सालीं या रोगाचें सुसंगत वर्णन केलें. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टण असतें, तसें मेंदू व मज्जारज्जु यांतील तंतूंवर मायलिन नांवाच्या स्निग्ध पदार्थाचें वेष्टण असतें. रोगजंतूंशीं झगडणारी शरीराची संरक्षक शक्तीच या रोगांत त्या वेष्टणावर उलटते. वेष्टण झिजलें कीं मेंदूचे संदेश अडखळतात. आघात डोळ्यामागील दृष्टितंतूवर झाला तर नजर अंधुक होते. मज्जारज्जूवर झाला तर हातपाय बधिर होतात किंवा लघवीवरचा ताबा सुटतो. लहान मेंदूवर झाला तर तोल जातो. कांहीं आठवड्यांनीं सूज ओसरते आणि मूल पुष्कळदां पूर्ववत् दिसूं लागतें. या रोगाचा फसवेपणा येथेंच आहे.

याचें निदान एकाच तपासणीनें होत नाहीं. वैद्य मुख्यतः दोन गोष्टींचा पुरावा शोधतात: आघात एकाहून अधिक जागीं झाला काय, आणि एकाहून अधिक वेळां झाला काय? मॅक्डॉनल्ड यांच्या नांवानें ओळखले जाणारे निकष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत वेळोवेळीं सुधारणा होऊन २०२४ चे निकष आतां उपलब्ध आहेत. त्यांमुळें दुसऱ्या आघाताची वाट पाहाण्याची गरज बरीच कमी झाली आहे. एम्. आर. आय्. यंत्राच्या चित्रांत जुने व नवे डाग एकत्र दिसले, किंवा पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्यांत विशिष्ट प्रथिनांच्या पट्ट्या आढळल्या, तर तीहि साक्ष धरली जाते. परंतु डाग दिसला म्हणजे रोग ठरला, असें मात्र नव्हे.

मुलांच्या बाबतींत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. या रोगाच्या १०० रुग्णांपैकीं सुमारें ३ ते १० जणांना तो अठराव्या वर्षापूर्वीं होतो, आणि दहा वर्षांखालील मुलांत तो फारच विरळा. उलट त्याच्यासारखे दिसणारे विकार पुष्कळ. ताप-सर्दीनंतर मेंदूला सूज येऊन मूल गुंगींत जातें, बरळूं लागतें. हा विकार बहुधा एकदांच येऊन जातो. दुसऱ्या एका विकारांत मॉग या प्रथिनाविरुद्ध रक्तांत प्रतिद्रव्यें सांपडतात; म्हणून लहान मुलांत ही रक्ततपासणी करावी, असें नव्या निकषांत सांगितलें आहे. शिवाय क्षयरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव व कांहीं आनुवंशिक विकार आहेतच. नांव चुकलें तर औषध चुकतें. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील कांहीं औषधें यांसारख्या इतर विकारांत अपायहि करतात.

आपल्या देशांत हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानानें कमी आढळतो. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं पारशी समाजांत तो अधिक प्रमाणांत असल्याचें १९९० सालीं दाखवून दिलें. पण कमी म्हणजे मुळींच नाहीं, असें नव्हे. अनसिंगच्या मुलीलाहि तो होऊं शकतो.

मग घरच्यांनीं काय करावें? प्रत्येक डोकेदुखीला वा मुंगीला भिण्याचें कारण नाहीं. परंतु एका डोळ्याची दृष्टि अचानक मंदावणें, एखादा अवयव बधिर वा दुबळा होणें, तोल जाणें, असें लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकलें तर चष्म्यावर न थांबतां मूल त्वरित डॉक्टरांना दाखवावें. तें बरें झालें तरी एका वहींत लिहून ठेवावें: तारीख कोणती, डोळा कोणता, त्रास किती दिवस राहिला, आधीं ताप होता काय. एम्. आर. आय्. चा केवळ लेखी अहवाल न ठेवतां मूळ चित्रेंहि जपावींत. पुढील तज्ज्ञाला जुन्या व नव्या चित्रांची तुलना करतां येते.

वेळीं झालेल्या निदानाचा उपयोग मोठा आहे. मुलांना हे आघात प्रौढांपेक्षां अधिक वेळां येतात, आणि त्यांचा परिणाम स्मरणशक्तीवर व अभ्यासावरहि होतो. पण आतां आघात कमी करणारीं औषधें आहेत. त्यांपैकीं फिंगोलिमॉड हें औषध दहा वर्षांपुढील मुलांसाठीं अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि या रोगाचा समावेश आहे.

मुलाचा आजार गेला याचा आनंद अवश्य मानावा. पण तो कधीं आला होता, हें विसरूं नये. पुढें डॉक्टरांनीं तो प्रश्न विचारला, तर उत्तर देणारें घरच्यांवांचून दुसरें कोणी नसतें.